वर्गीकरणाचे ओझे कोणावर? : डेबियन सॉफ्टवेअर-संग्रहातील मेटाडेटाच्या पुनर्रचनेची चिकित्सा

प्रस्तावना :

मुक्तस्रोत सॉफ्टवेअरची चर्चा आपल्याकडे बहुधा दोन अंगांनी होते. एक अंग खर्चाचे. महाविद्यालयाच्या संगणक-प्रयोगशाळेत विनामूल्य प्रणाली बसविता येते, हा त्यातील मुख्य मुद्दा. दुसरे अंग स्वातंत्र्याचे; आज्ञावली वाचण्याचा, बदलण्याचा आणि वाटण्याचा अधिकार हा त्याचा गाभा. या दोन्ही चर्चांत एक तिसरा प्रश्न मागे राहतो. हजारो माणसांनी वेगवेगळ्या ठिकाणी बसून तयार केलेली हजारो सॉफ्टवेअरे एका संग्रहात आल्यावर ती ओळखायची कशी, लावायची कशी आणि शोधायची कशी? हा प्रश्न मूलत: ग्रंथालयशास्त्राचा आहे आणि म्हणूनच तो केवळ संगणकशास्त्र विभागापुरता मर्यादित राहत नाही.

डेबियन हा अशा संग्रहांपैकी सर्वांत जुन्या आणि सर्वांत मोठ्या संग्रहांत मोडतो. इयन मर्डॉक यांनी १९९३ मध्ये हा प्रकल्प सुरू केला. १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या डेबियन १.१ या आवृत्तीत ४७४ पॅकेजे होती; ऑगस्ट २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या डेबियन १३ मध्ये ती संख्या ६९,८३० झाली. ४७४ वस्तूंची यादी माणूस एका बैठकीत वाचू शकतो. सत्तर हजार वस्तूंची यादी वाचता येत नाही, ती केवळ चाळता येते. आणि चाळण्यासाठी प्रत्येक वस्तूविषयीची माहिती सुसंगत असावी लागते. वस्तूविषयीच्या या माहितीलाच मेटाडेटा म्हणतात.

या मेटाडेटाची पुनर्रचना करण्याचे अनेक प्रयत्न गेल्या तीन दशकांत झाले. त्यांपैकी काही तडीस गेले, काही अर्ध्यावर रेंगाळले. प्रस्तुत लेखात या प्रयत्नांची चिकित्सा केली असून, पुनर्रचनेचे यश योजनेच्या तार्किक सौंदर्यावर नव्हे तर चुकीची किंमत कोण मोजतो यावर अवलंबून असते, असे प्रतिपादन केले आहे.

मेटाडेटाचे दोन वाचक :

डेबियनमधील प्रत्येक पॅकेजबरोबर एक नियंत्रण-नोंद असते. तीत पॅकेजचे नाव, आवृत्ती, देखभाल करणाऱ्या मेंटेनरचे नाव, ते ज्या इतर पॅकेजांवर अवलंबून आहे त्यांची यादी, त्याचा विभाग, त्याचा अग्रक्रम आणि त्याचे वर्णन अशी क्षेत्रे असतात. ग्रंथालयातील तालिकापत्राशी या नोंदीचे साम्य सहज लक्षात येण्याजोगे आहे. तथापि एक महत्त्वाचा फरक आहे. तालिकापत्राचा वाचक माणूसच असतो; या नोंदीला मात्र दोन वाचक आहेत. काही क्षेत्रे यंत्र वाचते, काही माणूस.

अवलंबनाची यादी यंत्र वाचते. तीत चूक असेल तर पॅकेज बसत नाही किंवा बसूनही चालत नाही. वापरकर्ता लगेच तक्रार करतो आणि मेंटेनरला दुरुस्ती करावीच लागते. विभागाचे क्षेत्र मात्र प्रामुख्याने माणसासाठी आहे. तेथे चूक असली तरी पॅकेज निर्वेधपणे बसते. ज्याला ते सापडले नाही, तो तक्रार करीत नाही. कारण जे आपल्याला सापडले नाही ते अस्तित्वात आहे हेच त्याला ठाऊक नसते. यंत्रासाठी असलेला मेटाडेटा चुकला की आवाज होतो, माणसासाठी असलेला चुकला की शांतता असते. एकाच नोंदीतील एक क्षेत्र काटेकोर आणि दुसरे ढिसाळ का राहते, याचे उत्तर या फरकात आहे. मेंटेनर आळशी असतात, हे उत्तर पुरेसे नाही. तोच मेंटेनर अवलंबनाची यादी अत्यंत दक्षतेने सांभाळत असतो.

विभाग-पद्धती आणि विभाजनतत्त्वाचा अभाव :

डेबियनचे प्रत्येक पॅकेज एका आणि एकाच विभागात असते. विभागांची यादी नियमावलीत दिलेली असून मेंटेनर त्यातून एक निवडतो. परंतु अंतिम निर्णय संग्रह सांभाळणाऱ्या गटाचा असतो. त्या गटाच्या स्वतंत्र नोंदवहीतील विभाग हा मेंटेनरने लिहिलेल्या विभागावर मात करतो. एक वस्तू, एक जागा, एक निर्णयकर्ता अशी ही रचना आहे. ती फडताळाची रचना आहे.

फडताळाच्या रचनेला तर्कशास्त्राची एक अट असते. एका पातळीवरील सर्व विभाग एकाच विभाजनतत्त्वाने पाडलेले असावेत. डेबियनची विभाग-यादी या कसोटीवर उतरत नाही. गणित, ध्वनी, विज्ञान, टपाल हे विभाग विषयावरून पाडलेले आहेत. पर्ल, पायथॉन, रुबी, रस्ट हे विभाग सॉफ्टवेअर कोणत्या संगणकीय भाषेत लिहिले किंवा कोणत्या भाषेसाठी आहे त्यावरून पडले आहेत. गनोम आणि केडीई हे विभाग पडद्यावरील कार्यपरिसरावरून ठरले. ग्रंथालये आणि दस्तऐवज हे वस्तूच्या स्वरूपावरून, तर जुनी ग्रंथालये हा विभाग वस्तूच्या अवस्थेवरून पडला आहे. आता पायथॉनमध्ये लिहिलेले गणिताचे एखादे साधन कोठे ठेवावे? गणितात, विज्ञानात की पायथॉनमध्ये? तिन्ही उत्तरे बरोबर आहेत आणि म्हणूनच कोणतेही एक उत्तर अपुरे आहे.

२००९ मध्ये या यादीचा मोठा विस्तार करण्यात आला. फाँट, जावा, रुबी, व्हिडिओ, स्थानिकीकरण असे विभाग त्या वेळी वाढले. वाढत्या संग्रहाला नव्या खणांची गरज होती हे खरे. पण खण वाढविल्याने विभाजनतत्त्वाचा गोंधळ मिटत नाही. किंबहुना प्रत्येक नवा खण जुन्या खणांशी एक नवी सीमारेषा निर्माण करतो आणि त्या रेषेवरच्या वस्तूंचा प्रश्न वाढतो. २००९ ची पुनर्रचना म्हणूनच आवश्यक असूनही मूलगामी नव्हती.

विभाग-यादी ही तिच्या कर्त्यांचे जगही प्रकट करते. ड्यूई यांच्या १८७६ पासूनच्या दशांश वर्गीकरणात इंग्रजी साहित्याला ८२० हा प्रशस्त वर्ग मिळाला आणि मराठी साहित्याला ८९१.४६ या दशांश-चिन्हापलीकडच्या जागी बसावे लागले, हे ग्रंथालयशास्त्राच्या प्राध्यापकांना परिचित आहे. डेबियनच्या यादीत संगणकाच्या भाषांना एकेक स्वतंत्र विभाग आहे. मानवी भाषा मात्र मजकूर, फाँट आणि स्थानिकीकरण या विभागांत विखुरलेल्या आहेत. यात कोणाचा दुष्ट हेतू शोधण्याचे कारण नाही. यादी करणारे लोक सॉफ्टवेअर तयार करणारे होते. त्यांना ज्या भेदांची रोज गरज पडे, ते भेद त्यांनी नोंदविले. परंतु वापरणाऱ्याच्या गरजेचे भेद त्यात आले नाहीत, ही गोष्ट नोंदवावीच लागते.

मराठी वापरकर्त्याच्या दृष्टीने :

या दोषाचे प्रत्यक्ष रूप एका साध्या उदाहरणाने स्पष्ट होईल. मराठीतून लेखन करण्यासाठी डेबियनवर संगणक सज्ज करायचा आहे, असे समजू. शुद्धलेखन तपासण्यासाठी एस्पेल-एमआर हा शब्दकोश उपलब्ध आहे. तो मजकूर विभागात आहे. लिब्रेऑफिसचे मराठी रूप लिब्रेऑफिस-एलटेनएन-एमआर या पॅकेजात आहे. ते स्थानिकीकरण विभागात आहे. अक्षरे दिसण्यासाठी लोहित देवनागरीचा फाँट हवा. तो फाँट-लोहित-देवा या नावाने फाँट विभागात आहे. एका माणसाची एक गरज तीन फडताळांत विभागली गेली.

येथे नावांकडेही लक्ष द्यावे लागेल. पहिल्या दोन पॅकेजांत एमआर हा मराठी भाषेचा संकेत आहे. तिसऱ्यात देवा हा देवनागरी लिपीचा संकेत आहे. हा भेद शास्त्रशुद्धच आहे. फाँट लिपीचा असतो, भाषेचा नव्हे. तोच फाँट गोव्यातील कोंकणी लेखकाला आणि हिंदीच्या प्राध्यापकालाही लागतो. परंतु मराठीचा संकेत घेऊन शोधणाऱ्याला फाँट सापडणार नाही आणि लिपीचा संकेत घेऊन शोधणाऱ्याला शब्दकोश सापडणार नाही. एकच जागा देणाऱ्या पद्धतीत यावर उपाय नाही. मराठीचा स्वतंत्र विभाग काढला तर फाँट कोंकणीपासून तुटेल. आणि लिपीचा विभाग काढला तर शब्दकोश त्यात बसणार नाही. दोष खणांच्या संख्येत नसून खणांच्या कल्पनेतच आहे.

रंगनाथन आणि डेबटॅग्ज :

खणांच्या कल्पनेलाच दिलेले आव्हान भारतातून आले होते, ही या विषयातील लक्षणीय बाब होय. मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल शियाळी रामामृत रंगनाथन यांनी १९३३ मध्ये द्विबिंदू वर्गीकरण प्रसिद्ध केले. सर्व विषयांची तयार यादी करून प्रत्येकाला क्रमांक देण्याऐवजी त्यांनी विषयाचे घटक वेगळे केले. व्यक्तित्व, द्रव्य, ऊर्जा, स्थल आणि काल या पाच मूलभूत कोटींतून येणारे पैलू द्विबिंदूसारख्या चिन्हांनी जोडून विषयाचा क्रमांक बांधावयाचा, ही त्यांची पद्धत. लंडनमधील एका दुकानात पाहिलेल्या मेकॅनोच्या खेळण्यावरून ही कल्पना सुचल्याचे ते सांगत. थोड्या सुट्या भागांतून पुष्कळ आकृत्या उभ्या करता येतात, हे त्यातील मर्म.

एन्रिको झिनी यांनी डेबियनमध्ये सुरू केलेली डेबटॅग्ज ही योजना याच वंशातील आहे. तिच्या परिचयपर लेखनात पैलूयुक्त वर्गीकरणाच्या संदर्भात रंगनाथन यांचा उल्लेख येतो. या योजनेत पॅकेजला एक जागा न देता अनेक टॅग दिले जातात आणि प्रत्येक टॅग एका पैलूखाली येतो. वस्तूची भूमिका कोणती, तिचा वापर कशासाठी, ती कोणत्या प्रकारच्या सामग्रीवर काम करते, तिचा दर्शनी भाग मजकुराचा आहे की चित्रमय, ती कोणत्या संगणकीय भाषेत लिहिली आहे, कोणत्या मानवी संस्कृतीशी व भाषेशी ती निगडित आहे, असे हे पैलू होत. पैलूचे नाव आणि टॅग यांच्यामध्ये दोन द्विबिंदू लिहिले जातात. संगणकीय लेखनातील हा प्रघात असला तरी द्विबिंदू वर्गीकरणाच्या अभ्यासकाला त्यात एक जुनी ओळख पटल्याशिवाय राहत नाही.

वरील मराठी वापरकर्त्याची अडचण या पद्धतीत तत्त्वत: सुटते. शब्दकोश, कार्यालयीन संच आणि फाँट यांची भूमिका वेगळी नोंदवूनही भाषा-संस्कृतीच्या पैलूखाली तिघांना एक टॅग देता येतो. फाँटला एकाहून अधिक भाषांचे टॅग देता येतात. पायथॉनमधील गणिताच्या साधनाला गणित आणि पायथॉन यांत निवड करावी लागत नाही. तार्किकदृष्ट्या डेबटॅग्ज विभाग-पद्धतीपेक्षा निर्विवादपणे श्रेष्ठ आहे.

असे असूनही विभाग-पद्धती हटली नाही. सिनॅप्टिकसारख्या चित्रमय साधनात डाव्या बाजूला विभागांचीच यादी दिसते. नवे पॅकेज तयार करणाऱ्याला विभाग लिहावा लागतो, टॅग लिहिणे त्याच्या इच्छेवर राहते. श्रेष्ठ पद्धती पूरक राहिली आणि सदोष पद्धती अधिकृत राहिली, या विसंगतीचा उलगडा केल्याखेरीज मेटाडेटाच्या पुनर्रचनेची कोणतीही चर्चा पूर्ण होणार नाही.

पहिले कारण श्रमाचे आहे. विभाग निवडणे हा एक निर्णय आहे. टॅग लावणे म्हणजे काहीशे टॅगांच्या नियंत्रित शब्दसंग्रहातून प्रत्येक पैलूखाली एकेक निर्णय घेणे आहे. ग्रंथालयाच्या नावाने सुरू होणाऱ्या पॅकेजांना भूमिकेचा टॅग यंत्राने लावता येतो. परंतु एखादे साधन कशासाठी वापरतात हे ठरविण्यासाठी ते साधन जाणावे लागते. दुसरे कारण दायित्वाचे आहे. टॅगांची योजना सामूहिक होती; मेंटेनरखेरीज इतरांनीही टॅग सुचवावेत अशी तिची रचना होती. रचना उदार होती. पण जे काम सर्वांचे असते ते बहुधा कोणा एकाचे राहत नाही. तिसरे कारण आधीच सांगितलेले : टॅग चुकला वा राहिला तर काहीही मोडत नाही.

रंगनाथन यांचे वर्गीकरण आणि त्यांच्या १९३१ च्या पंचसूत्रीतील चौथे सूत्र, म्हणजे वाचकाचा वेळ वाचवा, हे एकत्र वाचावे लागते. वाचकाचा वेळ वाचविण्यासाठी कोणाचा तरी वेळ खर्ची पडतो. ग्रंथालयात तो वर्गीकरणकाराचा असतो आणि त्याला त्याचे वेतन मिळते. डेबटॅग्जने रंगनाथन यांची पद्धत घेतली. त्या पद्धतीमागचा वर्गीकरणकार मात्र तिला मिळाला नाही. तिच्या मर्यादेचे हेच खरे निदान म्हणावे लागेल.

तडीस गेलेल्या पुनर्रचना :

याउलट ज्या पुनर्रचना तडीस गेल्या त्यांचे स्वरूप तपासणे उद्बोधक ठरते. तीन उदाहरणे पुरेशी आहेत.

पहिले उदाहरण अग्रक्रमाचे. डेबियनमध्ये पॅकेजांना आवश्यक, महत्त्वाचे, प्रमाणभूत, ऐच्छिक आणि अतिरिक्त असे पाच अग्रक्रम होते. ऐच्छिक आणि अतिरिक्त यांतील भेद सुरुवातीला अर्थपूर्ण होता. ऐच्छिक पॅकेजे परस्परविरोधी नसावीत अशी अपेक्षा होती. संग्रह वाढल्यावर ही अपेक्षा सांभाळणे कठीण झाले आणि भेदाचा व्यवहारातील उपयोग उरला नाही. २०१७ मध्ये नियमावलीने अतिरिक्त हा अग्रक्रम कालबाह्य ठरविला. ही पुनर्रचना भर घालून नव्हे तर वजा करून झाली. जो भेद कोणी सांभाळू शकत नाही तो नोंदीत ठेवणे म्हणजे नोंदीला खोटे बोलायला लावणे होय, ही जाणीव तीत आहे.

दुसरे उदाहरण संग्रहाच्या क्षेत्रांचे. मुक्त नसलेल्या सॉफ्टवेअरसाठी डेबियनमध्ये पूर्वीपासून वेगळे क्षेत्र आहे. यंत्रभाग चालविण्यासाठी लागणारी बंदिस्त फर्मवेअर-पॅकेजेही त्यातच होती. २०२२ मध्ये प्रकल्पाच्या सदस्यांनी मतदान करून स्थापनेच्या अधिकृत माध्यमात असे फर्मवेअर समाविष्ट करण्याचा निर्णय घेतला आणि २०२३ मध्ये आलेल्या डेबियन १२ मध्ये त्याच्यासाठी स्वतंत्र क्षेत्र अस्तित्वात आले. वरकरणी हा एका नोंदीतील बदल. प्रत्यक्षात तो प्रकल्पाच्या तत्त्वांचा प्रश्न होता आणि म्हणून त्याचा निर्णय मताने झाला. जुन्या वापरकर्त्यांना आपल्या स्रोत-यादीत हे नवे क्षेत्र लिहावे लागले. न लिहिल्यास फर्मवेअरच्या सुधारणा त्यांच्यापर्यंत पोहोचणार नव्हत्या. येथे चुकीची किंमत स्पष्ट होती, म्हणून बदलही स्पष्टपणे पार पडला.

तिसरे उदाहरण डेबियनबाहेरचे, फेडोराचे. वीस हजारांहून अधिक स्रोत-पॅकेजे असलेल्या या संग्रहात परवान्यांची नावे लिहिण्याची एक जुनी पद्धत होती. टॉम कॅलवे यांच्या नावाने ती ओळखली जाते. २०२२ पासून तिच्या जागी एसपीडीएक्स या प्रमाणाची नावे आणण्यास सुरुवात झाली. हे प्रमाण २०२१ मध्ये आयएसओ/आयईसी ५९६२ म्हणून मान्य झाले आहे. वरवर पाहता हे नावे बदलण्याचे यांत्रिक काम वाटते. काही परवान्यांच्या बाबतीत ते तसे होतेही. जीपीएलच्या दुसऱ्या आवृत्तीचे जुने नाव नव्या नावाशी सरळ जुळते. परंतु जुन्या पद्धतीत एमआयटी हे एक नाव परस्परांशी मिळत्याजुळत्या अनेक मजकुरांच्या कुळासाठी वापरले जात असे. नव्या प्रमाणात एमआयटी म्हणजे एक निश्चित मजकूर. बीएसडीचीही तीच गत. त्यामुळे अशा प्रत्येक पॅकेजात जाऊन परवान्याचा मूळ मजकूर वाचणे क्रमप्राप्त झाले.

मेटाडेटाच्या पुनर्रचनेचे एक सर्वसाधारण तत्त्व येथे दिसते. सूक्ष्म भेदांकडून स्थूल भेदांकडे जाणे यंत्राला जमते. स्थूलाकडून सूक्ष्माकडे जाताना वस्तूकडे परत जावे लागते. जी माहिती पहिल्या नोंदीतच गाळली गेली, ती कोणत्याही कौशल्याने नोंदीतून परत काढता येत नाही. फेडोराने हे कष्टाचे काम हाती घेतले, कारण परवान्याच्या चुकीच्या नोंदीला कायद्याचा संदर्भ आहे. कायद्याचे भय जेथे आहे तेथे सूक्ष्म वर्गीकरणाला माणसे मिळतात. वाचकाची सोय एवढेच प्रयोजन असेल तेथे ती मिळत नाहीत.

पुनर्रचनेची अदृश्य किंमत :

पुनर्रचना ही नेहमीच सुधारणा असते, असा समज प्रचलित आहे. तो तपासून पाहिला पाहिजे. नाव बदलणे हा सर्वांत साधा बदल समजला जातो. टीटीएफ-डेजावू हे नाव फाँट-डेजावू असे झाले तेव्हा जुन्या नावावर अवलंबून असलेल्यांसाठी एक रिकामे संक्रमण-पॅकेज मागे ठेवावे लागले. अशी पॅकेजे जुन्या ग्रंथालयांच्या विभागात ठेवण्याचा दंडक आहे. फ्रीबीएसडीच्या संग्रहातही एखादे पोर्ट एका वर्गातून दुसऱ्यात हलविले की त्या स्थलांतराची नोंद एका स्वतंत्र फाइलमध्ये करावी लागते. जुन्या पत्त्यावर नव्या पत्त्याची चिठ्ठी लावण्याचा हा प्रकार आहे. ही चिठ्ठी लावणे हा पुनर्रचनेचाच भाग मानला गेला, हे या संग्रहांच्या प्रौढतेचे लक्षण होय.

मात्र सर्वच ठिकाणी अशी चिठ्ठी लावता येत नाही. डेबियनच्या पॅकेजांची इंग्रजी वर्णने स्वयंसेवक इतर भाषांत अनुवादित करतात. प्रत्येक अनुवाद मूळ वर्णनाच्या एका गणिती ठशाशी बांधलेला असतो. मूळ वर्णनात किरकोळ फेरफार झाला तरी ठसा बदलतो आणि आधीचा अनुवाद त्या वर्णनाला लागू राहत नाही. अनुवादकाला तो पुन्हा पाहून संमत करावा लागतो. अनुवाद शिळा होऊ नये म्हणून ही व्यवस्था योग्यच आहे. पण तिचा परिणाम असा की, हजारो वर्णनांची शैली एकसारखी करण्याचा एखादा सद्हेतूपूर्ण उपक्रम इंग्रजी वाचकाला थोडे सौष्ठव देईल आणि त्याच वेळी अनुवादकांपुढे हजारो नोंदींचे काम उभे करील. ज्या भाषेत अनुवादक पुष्कळ आहेत ती भाषा हा भार पेलेल. मराठीसारख्या भाषेत, जेथे असे काम मोजक्या हातांवर चालते, तेथे एकदा निघून गेलेला अनुवाद परत येईलच असे नाही. पुनर्रचना ठरविणारे आणि तिचे ओझे वाहणारे एक नसतात. आणि ओझे वाहणारे बहुधा निर्णयाच्या जागी उपस्थित नसतात.

वर्णनाचे काम मुळाशी नेण्याचा एक मार्ग ॲपस्ट्रीमने दाखविला आहे. २०११ मध्ये न्यूरेम्बर्ग येथे विविध वितरणांच्या कार्यकर्त्यांच्या बैठकीतून ही योजना पुढे आली. तीत उपयोजनाचे नाव, सारांश, चित्रे आणि अनुवाद ही माहिती मूळ कर्ताच सॉफ्टवेअरबरोबर देतो आणि सर्व संग्रह तीच वापरतात. एका अनुवादाचा लाभ अनेक संग्रहांना होतो, ही तिची मोठी जमेची बाजू. परंतु तिचा मुख्य रोख पडद्यावर दिसणाऱ्या उपयोजनांवर आहे. संग्रहाचा मोठा भाग व्यापणारी ग्रंथालये व साहाय्यक पॅकेजे या सोयीचे मुख्य लाभार्थी नाहीत. शिवाय कर्त्याने स्वत:च्या कृतीचे केलेले वर्णन आणि तटस्थ वर्गीकरणकाराने केलेले वर्णन यांत फरक राहणारच.

शोधयंत्राचा आक्षेप :

शब्द टाकून शोध घेता येत असताना वर्गीकरणाची गरजच काय, असा आक्षेप येथे घेतला जाईल. आक्षेप दुर्लक्ष करण्यासारखा नाही. सराईत वापरकर्ता विभाग न चाळता शब्दानेच शोधतो. परंतु शब्दशोध हा वर्णनात असलेल्या शब्दांपुरताच पोहोचतो. जेथे वर्णन इंग्रजीत आहे आणि त्यात लिपीचे नाव आहे, तेथे मराठी हा शब्द टाकणाऱ्याच्या हाती काही लागत नाही. एका शब्दाला दुसऱ्याशी जोडणारा दुवा कोणीतरी आधी लिहून ठेवावा लागतो आणि तो दुवा लिहिणे म्हणजेच वर्गीकरण. शोधयंत्राने वर्गीकरणाची गरज संपविली नसून ती दृष्टीआड केली आहे. दुसरे असे की, शोधासाठी काय शोधायचे ते आधी ठाऊक असावे लागते. विद्यार्थ्याला ते बहुधा ठाऊक नसते. फडताळासमोर उभे राहून अनपेक्षित पुस्तक हाती येण्याचा लाभ त्याला वर्गीकरणामुळेच मिळतो.

निष्कर्ष :

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१) मोठ्या सॉफ्टवेअर-संग्रहातील मेटाडेटाची अचूकता ही चुकीच्या परिणामाशी निगडित असते. ज्या क्षेत्रातील चूक यंत्राला किंवा कायद्याला जाणवते ते क्षेत्र अचूक राहते. ज्यातील चूक केवळ वाचकाला जाणवते ते उपेक्षित राहते.

२) एक वस्तू, एक जागा ही विभाग-पद्धती तार्किकदृष्ट्या सदोष असून विभागांची संख्या वाढविल्याने तिचा दोष दूर होत नाही. पैलूयुक्त पद्धती हा तिला योग्य पर्याय आहे. तथापि नेमून दिलेल्या दायित्वाशिवाय तो पर्याय कागदावरच श्रेष्ठ राहतो.

३) स्थूल नोंदीतून सूक्ष्म नोंद यांत्रिकपणे मिळत नाही. म्हणून प्रथम नोंद करतानाच पुढील काळाचा विचार झाला पाहिजे.

४) पुनर्रचनेचा निर्णय घेताना तिची किंमत कोणत्या गटावर पडेल, विशेषत: अल्प मनुष्यबळ असलेल्या भाषांच्या अनुवादकांवर ती किती पडेल, याचा हिशेब निर्णयाआधी मांडला गेला पाहिजे.

या निष्कर्षांचा संबंध केवळ डेबियनशी नाही. महाविद्यालयीन ग्रंथालये एका संगणकीय प्रणालीतून दुसरीत जात आहेत, संस्थांचे डिजिटल संग्रह उभे राहत आहेत, प्रबंधांच्या नोंदी केल्या जात आहेत. विषयशीर्षक एका शब्दात उरकलेली नोंद उद्या कोणत्याही प्रणालीत गेली तरी एका शब्दाचीच राहील. ग्रंथालय ही वर्धिष्णू संस्था आहे, हे रंगनाथन यांचे पाचवे सूत्र आपल्याकडे परीक्षेच्या उत्तरपत्रिकेत आवर्जून लिहिले जाते. वाढणाऱ्या संस्थेच्या नोंदी पुन:पुन्हा लावाव्या लागतात आणि ते काम करणाऱ्या माणसाची तरतूद करावी लागते, हा त्या सूत्राचा व्यावहारिक अर्थ होय. जगभरातील स्वयंसेवकांनी एका भारतीय ग्रंथपालाची पद्धत सॉफ्टवेअरच्या संग्रहाला लावून पाहिली. त्या प्रयोगात जे उणे राहिले ते भरून काढण्यासाठी लागणारे प्रशिक्षण ग्रंथालयशास्त्राचे विभाग देतात. मराठी पॅकेजांना योग्य टॅग सुचविणे आणि त्यांची वर्णने अनुवादित करणे हे पदव्युत्तर विद्यार्थ्याच्या प्रकल्पाच्या आवाक्यातील काम आहे. ते अभ्यासक्रमाचा भाग झाल्यास संग्रहाला वर्गीकरणकार मिळेल आणि विद्यार्थ्याला पाठ्यपुस्तकातील द्विबिंदू प्रत्यक्ष वापरात दिसेल.